‘तुमचा अपराध तुम्हीच सांगा’ : ‘इन्क्विझिशन’ या शब्दाचा अर्थ, एका खटल्यातून

‘इन्क्विझिशन’ हा शब्द मराठी वाचकाला दोन वाटांनी भेटतो. गोव्याचा इतिहास वाचताना तो १५६० साली स्थापन झालेल्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाचे नाव म्हणून येतो, आणि त्याच्यामागून कोठड्या, कबुलीजबाब, चिता अशी चित्रांची रांग लागते. दुसरी वाट घरातली आहे. रात्री उशिरा परतलेल्या मुलाला आईने लागोपाठ चार प्रश्न विचारले की तो वैतागून म्हणतो, ‘हे काय इन्क्विझिशन चालवलं आहेस?’ कोशांतही हे दोन अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात : एक, कठोरपणे व पिच्छा पुरवून केलेली विचारपूस, दोन, धर्मरक्षणाच्या नावाखाली झालेला छळ. कोशकाराचे काम तेवढ्यावर भागते. मात्र विचारपूस आणि छळ या दोन गोष्टी एकाच शब्दाच्या घरात कशा राहायला आल्या, आणि चौकशीचा छळ नेमका कोणत्या वळणावर होतो, हे समजून घ्यायचे तर एखादा खटला जवळून पाहावा लागतो. त्यासाठी येथे दमणमध्ये अटक झालेल्या आणि गोव्यात शिक्षा झालेल्या शार्ल देलों या फ्रेंच वैद्याचा खटला घेतला आहे. त्याची निवड करण्याचे कारण साधे आहे. या न्यायालयाच्या दप्तराचा बहुतांश भाग पुढे नष्ट झाला, आणि आतून बाहेर आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला इतका सविस्तर वृत्तान्त दुसऱ्या कोणाचाही उपलब्ध नाही.

शब्दाचे मूळ घर

आधी शब्द पाहू. लॅटिनमध्ये ‘इन्क्विझिशिओ’ म्हणजे शोध घेणे, विचारणे, तपास करणे. त्यात छळाचा वासही नाही. आपल्या ‘चौकशी’सारखाच तो निरुपद्रवी शब्द आहे. मराठीत चौकशी प्रेमाचीही असते. ‘मावशी तुमची चौकशी करत होत्या’ असे कोणी म्हटले की आपल्याला बरे वाटते. एसटी स्थानकावर चौकशीची खिडकी असते आणि तिच्यापुढे उभे राहायला कोणी घाबरत नाही. तोच शब्द सरकारी कचेरीत शिरून ‘त्यांच्यामागे चौकशी लागली’ असा झाला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. शब्द तोच राहतो, कोण कोणाला विचारतो आहे ते बदलते.

युरोपातही असेच घडले, फक्त तिथे त्याला कायद्याची चौकट मिळाली. जुन्या रोमन पद्धतीत खटला उभा राहण्यासाठी आरोप करणारा माणूस लागत असे. त्याने समोर येऊन आरोप करायचा, तो सिद्ध करायचा, आणि तो खोटा ठरला तर त्याचा भार स्वतः सोसायचा. बाराव्या-तेराव्या शतकांत चर्चच्या न्यायव्यवस्थेत दुसरी पद्धत रुळली. तीत फिर्यादीची वाट न पाहता न्यायाधीश स्वतःच कुजबुजीवरून किंवा बदलौकिकावरून तपास सुरू करी. या पद्धतीचे नाव ‘इन्क्विझिशिओ’. चर्चच्या १२१५ मधील चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने तिला मान्यता दिली, आणि १२३१ च्या सुमारास पोप नववा ग्रेगरी याने पाखंड शोधून काढण्यासाठी खास न्यायाधीश नेमले तेव्हा पद्धतीचे नाव त्या यंत्रणेला चिकटले. स्पेनमध्ये १४७८ मध्ये आणि पोर्तुगालमध्ये १५३६ मध्ये राजसत्तेच्या आश्रयाने स्वतंत्र न्यायालये उभी राहिली. म्हणजे क्रम असा : आधी साधे सामान्यनाम, मग कायद्याची रीत, मग संस्थेचे विशेषनाम, आणि संस्था लयाला गेल्यानंतर पुन्हा सामान्यनाम, पण हे शेवटचे सामान्यनाम मधल्या साडेपाचशे-सहाशे वर्षांची काजळी अंगावर घेऊन आलेले.

या रीतीतला फेरफार वरवर किरकोळ वाटतो, आणि एका दृष्टीने ती सुधारणाही होती, कारण बलाढ्य माणसावर आरोप करायला सामान्य माणूस धजावत नसे. पण आरोप करणारा आणि न्याय देणारा एकच झाला, आणि त्यावर साक्षीदारांची नावे गुप्त ठेवण्याचा नियम आला, की आरोपीसमोर वादाला प्रतिपक्षच उरत नाही.

गोव्यातले ‘मोठे घर’

गोव्यात हे न्यायालय यावे अशी मागणी फ्रान्सिस झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात केली होती. ते प्रत्यक्षात आले १५६० मध्ये, झेवियरच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्याची कचेरी जुन्या गोव्यात, से कॅथेड्रलजवळच्या चौकात, पूर्वी आदिलशाहीच्या सत्ताधाऱ्यांचा वाडा होता तिथे भरत असे. अधिकृत नाव ‘पवित्र कचेरी’ असले तरी स्थानिक लोक त्या इमारतीला कोकणीत नुसते ‘मोठे घर’ म्हणत, आणि पोर्तुगीज कागदांतही त्या नावाचे ‘ओर्लें गोर’ असे वेडेवाकडे रूप उतरले आहे. ज्याचे नाव घ्यायची भीती वाटते त्याला साध्या विशेषणाने ओळखण्याची ही आपल्याकडची जुनी सवयच आहे.

या न्यायालयाची हद्द आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून मकावपर्यंत होती. आजच्या महाराष्ट्रातील वसई आणि चौल ही ठाणीही तीत येत. मुंबईचाही येथे एक धागा आहे. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून खंडाने घेणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. मेलेल्या माणसाचीही चौकशी होऊ शकत होती.

कायद्याने हे न्यायालय बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसांवर चालायचे. नवख्रिस्ती झालेले ज्यू आणि मुसलमान हे त्याचे मूळ लक्ष्य. गोव्यात धर्मांतरित हिंदूंची त्यात मोठी भर पडली. बाप्तिस्मा न झालेले हिंदूही त्याच्या तावडीतून सुटले नाहीत, कारण धर्मांतरात अडथळा आणणे किंवा बंदी असलेले विधी करणे हेही त्याच्या कक्षेत ओढले गेले. १७७४ पर्यंत सोळा हजारांहून अधिक खटले चालले असे अभ्यासक सांगतात. त्यांपैकी प्रत्यक्ष जाळलेल्यांची ज्ञात संख्या शंभराच्या आत आहे. हा आकडा ऐकून काही जण सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि काही जण चिडतात. मला दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या वाटतात, कारण या यंत्रणेचा धाक चितेइतकाच प्रश्नाच्या पद्धतीत होता, आणि प्रश्न तर सोळा हजारांनाही विचारले गेले होते.

प्रश्न कुठवर पोचू शकतो याचा नमुना म्हणून १७३६ चा जाहीरनामा पाहता येतो. ख्रिस्ती झालेल्यांनी दारात किंवा परसात तुळस ठेवू नये, लग्नात पूर्वीची गाणी म्हणू नयेत, विडासुपारी आणि फुले देण्याचे जुने रिवाज पाळू नयेत, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये, अशा मनाया त्यात आहेत. त्यांतच एक मनाई अशी आहे की हिंदू शिजवतात तसा बिनमिठाचा भात शिजवू नये. भातात मीठ आहे की नाही, हा धर्मन्यायालयाचा प्रश्न झाला. तो विचारायला कोणी शिपाई चुलीपाशी यायची गरज नव्हती. शेजारीण येत-जात असे, तेवढे पुरे होते.

दमणमधला वैद्य

शार्ल देलों हा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याकडचा. १६६८ मध्ये तो फ्रेंच कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे निघाला, पुढे ती चाकरी सोडली आणि पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये वैद्यकी करू लागला. अटकेच्या वेळी तो पंचविशीच्या आतला होता. तो कॅथलिकच होता आणि शेवटपर्यंत कॅथलिक राहिला, ही गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. परधर्मीयाचा छळ झाला असता तर शब्दाचा ‘धर्मछळ’ हा अर्थ सरळ लागू पडला असता. येथे पकडणारा आणि पकडलेला एकाच वेदीपुढे गुडघे टेकत होते.

त्याच्या हातून काय घडले होते? एका डोमिनिकन पाद्र्याशी बोलताना त्याने बाप्तिस्म्याविषयी वाद घातला. पाण्याचा बाप्तिस्मा मिळण्याआधीच मरण आले, तर नुसत्या तीव्र इच्छेला बाप्तिस्मा म्हणता येईल का, असा तो मुद्दा होता. देलोंने योहानाच्या शुभवर्तमानातील पाणी आणि आत्मा यांविषयीचे वचन पुढे करून तसे म्हणता येणार नाही अशी बाजू घेतली. दुसरा प्रसंग : दमणमध्ये संतांची चित्रे रंगवलेल्या दानपेट्या घेऊन लोक फिरत आणि पैसे टाकणारे त्या चित्राचे चुंबन घेत. देलों पैसे टाकी, पण चुंबन घेत नसे. तिसरा प्रसंग त्याच्या धंद्यातलाच आहे. एका पोर्तुगीज स्नेह्याच्या आजारी मुलाची शीर तोडून रक्त काढायचे होते, आणि मुलाच्या अंथरुणात मेरीमातेची हस्तिदंती मूर्ती होती. रक्त उडेल, मूर्ती जरा बाजूला ठेवा, असे वैद्याने सांगितले. घरच्यांना ते रुचले नाही. तुम्ही फ्रेंच लोक पाखंडी, मूर्तींना मानत नाही, असे ते म्हणाले. त्यावर गप्प बसायचे सोडून देलोंने मूर्तिपूजेचा खरा अर्थ काय यावर ट्रेंटच्या धर्मपरिषदेचा हवाला देत प्रवचन दिले. शिवाय धर्मन्यायालयाचे न्यायाधीशही माणसेच आहेत, असे तो इकडेतिकडे बोलून गेला होता.

हे सगळे वाचताना वाटते, हा माणूस वाचाळ होता, विद्वत्ता मिरवणारा होता, आणि परक्या गावात तोंड सांभाळावे एवढे व्यवहारज्ञान त्याला नव्हते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे खरे कारण वेगळेच होते : ज्या एका स्त्रीकडे त्याचे जाणे-येणे होते, तिच्यावरून दमणचा गव्हर्नर आणि एक पाद्री दोघेही त्याच्यावर जळत होते. हे खरे असेल, किंवा आपल्या उथळ बडबडीला त्याने नंतर दिलेले भारदस्त कारणही असेल. यंत्रणेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच, कारण निनावी तक्रारीला हेतू विचारला जात नाही.

आपल्याविषयी कुजबुज चालली आहे हे कळल्यावर तो आपणहून दमणमधील धर्मन्यायालयाच्या प्रतिनिधीकडे गेला आणि झालेली बोलणी सांगून टाकली. काळजी करू नका, असे उत्तर मिळाले. २४ ऑगस्ट १६७३ रोजी संध्याकाळी घरी परतताना त्याला पकडण्यात आले.

प्रश्न आणि त्याचे उत्तर

दमणच्या तुरुंगात चार महिने काढल्यावर जानेवारी १६७४ मध्ये त्याला बेड्या घालून जहाजावर चढवले. वाटेत वसईला थांबून, तिथले कैदी बरोबर घेऊन, जहाज जानेवारीच्या मध्यावर गोव्याला पोचले. ‘मोठ्या घरा’तील कोठड्या प्रत्येकी सुमारे दहा फूट लांबीरुंदीच्या होत्या आणि त्यांचा कडक नियम शांततेचा होता. कोणी मोठ्याने रडले, प्रार्थना म्हटली किंवा शेजारच्या कोठडीशी बोलण्याचा प्रयत्न केला तर पहारेकरी मारत. जेवणातही वर्ण पाळला जाई : गोऱ्या कैद्यांना सकाळी पाव आणि मासळी, काळ्यांना कांजी, म्हणजे आपली पातळ पेज. देलोंने हा शब्द तसाच उचलून फ्रेंच मजकुरात घातला आहे, आणि तो वाचताना त्या परक्या कागदावर एकदम कोकणातल्या सकाळचा वास येतो.

पहिल्या सुनावणीला तो न्यायाधीशापुढे गुडघ्यांवर कोसळून रडला आणि सारे सांगायला तयार झाला. घाई नाही, असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. येथून या प्रकरणाचा गाभा सुरू होतो.

कैद्याला त्याच्यावरचा आरोप सांगत नसत. त्याला विचारत : तुम्हाला का पकडले आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? मग ख्रिस्ताच्या करुणेची आण घालून, मनात असेल ते सगळे लवकर कबूल करावे असा उपदेश होई. कोणी सांगितले, कधी सांगितले, काय सांगितले, यांपैकी काहीही उघड होत नसे. कैद्याने आठवून आठवून एक गोष्ट सांगितली की ती लिहून घेत आणि आणखी काय म्हणून विचारत. सांगितलेली गोष्ट तक्रारीत नसेल तर तो नवाच गुन्हा ठरे. तक्रारीतली गोष्ट सांगायची राहिली तर ते लपवणे ठरे. परीक्षेत प्रश्नपत्रिका न देता उत्तरपत्रिका मागावी, तसा हा प्रकार.

देलोंने बाप्तिस्म्याचा वाद, दानपेटी, हस्तिदंती मूर्ती हे सगळे सांगितले. योहानाच्या वचनाचा हवाला दिला तेव्हा न्यायाधीशाने ग्रंथ मागवून ते वचन पाहिले, आणि काही न बोलता ग्रंथ मिटला. हे दृश्य मला सबंध वृत्तान्तातले सर्वांत बोलके वाटते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळाले, ते ग्रंथात पडताळूनही झाले, आणि तरी खटला तसूभर हलला नाही, कारण तो वचनाच्या खरेपणावर चाललेलाच नव्हता. पुढे अडले ते हेतूवर. मी असे बोललो हे देलोंला मान्य होते. धर्माविरुद्ध जावे या दुष्ट बुद्धीने बोललो, हे तो मान्य करीना. सरकारी बाजूच्या अधिकाऱ्याने नेमके हेच धरून, हेतू नाकारतो म्हणून याला जाळावे, अशी मागणी केली. कृती दिसते, शब्द ऐकू येतात. हेतू मात्र फक्त आरोपीच सांगू शकतो, म्हणून अशा न्यायालयाला कबुलीवाचून दुसरा पुरावा पुरेसा वाटतच नाही.

महिने लोटले. देलोंने अन्न सोडले. आजारी असल्याचे भासवून त्याने शीर तोडून घेतली आणि एकटा राहिल्यावर पट्टी सोडून रक्त वाहू दिले. दुसऱ्यांची रक्ते काढणाऱ्या वैद्याने आपल्याच विद्येचा असा उपयोग केला. पुढे एक नाणे घासून त्याची धार केली आणि हातांच्या शिरा कापल्या. प्रत्येक वेळी त्याला वाचवण्यात आले आणि अखेर हातांत बेड्या घातल्या गेल्या. १६७५ च्या अखेरीस रोज सकाळी छळ होणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकू येत असे त्याने लिहिले आहे. त्याला स्वतःला मात्र यातनायंत्रावर चढवल्याचे त्याच्या वृत्तान्तात कुठे नाही. मरणाकडे त्याला नेले ते प्रश्नाने आणि त्यानंतरच्या शांततेने.

१२ जानेवारी १६७६

त्या रविवारच्या पहाटे, अंधारातच, कैद्यांना उठवून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कपडे दिले. त्यावर घालायला पिवळे झगे आले. देलोंच्या झग्यावर तिरपा लाल क्रूस होता. काही झगे निराळे होते, त्यांवर ज्वाळा आणि सैताने रंगवलेली होती. ते आपल्या वाट्याला आले नाहीत हे पाहूनच त्याला कळले की आपण जाळले जाणार नाही. सव्वादोन वर्षांच्या चौकशीत त्याला आपल्या खटल्याविषयी मिळालेली ही पहिली खात्रीची माहिती, आणि ती मिळाली कपड्यांवरून.

अनवाणी मिरवणूक शहरातून फिरून सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये गेली. अग्रभागी सेंट डॉमिनिकचा ध्वज होता. संताच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ऑलिव्हची फांदी, आणि ‘न्याय व दया’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द. प्रवचनकाराने धर्मन्यायालयाची तुलना नोहाच्या तारवाशी केली, आणि तारवापेक्षा ते थोर कसे ते सांगितले : तारवात शिरलेले प्राणी बाहेर पडताना पूर्वीसारखेच हिंस्र होते, येथे मात्र लांडगे आणि सिंह आत येतात व कोकरे होऊन बाहेर पडतात.

देलोंवरचे आरोप त्याला पहिल्यांदा पूर्णपणे ऐकू आले ते येथे, शिक्षेच्या वाचनात. बाप्तिस्म्याविषयीचे मत, मूर्तींची अवहेलना, धर्मन्यायालयाविषयी तुच्छतेची भाषा, आणि या सर्वांमागचा दुष्ट हेतू. शिक्षा : चर्चमधून बहिष्कार, मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालच्या गलबतांवर पाच वर्षे सक्तमजुरी. त्याच दिवशी एका पुरुषाला आणि एका स्त्रीला, दोघेही स्थानिक ख्रिस्ती, जादूटोण्याच्या आरोपावरून नदीकाठी जाळण्यात आले. त्यांच्यासोबत चार मृतांच्या हाडांच्या पेट्याही जाळल्या. त्या दोघांनी आपला वृत्तान्त लिहिला नाही. शब्दाचा अर्थ आपण देलोंकडून शिकतो, पण त्याची पूर्ण किंमत मोजली ती त्या दोघांनी, हे या अभ्यासाला चिकटलेले न्यून आहे.

जे पाहिले-ऐकले ते कोणालाही सांगणार नाही, अशी शपथ सोडताना घेतली जाई. देलोंला ब्राझीलमार्गे लिस्बनला नेण्यात आले. तिथे राणीच्या फ्रेंच वैद्याने खटपट केली आणि १६७७ च्या मध्यास तो सुटला. दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, त्याने शपथ मोडून सगळे छापले.

साक्षीची पारख, आणि ‘ससेमिरा’

देलोंची साक्ष कितपत धरावी? ती एकतर्फी आहे, घटनेनंतर दशकाने छापलेली आहे, आणि युरोपातील प्रॉटेस्टंटांनी कॅथलिकांविरुद्धच्या प्रचारात ती हातोहात उचलली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात हा वृत्तान्त समाविष्ट केला, त्यामुळे तो आपल्याकडच्या वाचकांपर्यंत पोचला. त्यानंतर त्याचा उपयोग कधी अभ्यासासाठी झाला, कधी आजच्या भांडणांत दगड म्हणून. मला त्यात भरवशाचे वाटतात ते बिनमहत्त्वाचे तपशील : कांजी, घासलेले नाणे, मिटलेला ग्रंथ. प्रचारासाठी लिहिणारा माणूस कांजीपाशी थांबत नाही.

आता शब्दाकडे परत येऊ. मराठीत कठोर विचारपुशीसाठी शब्दांची उणीव नाही : उलटतपासणी, झाडाझडती, प्रश्नांची सरबत्ती, धारेवर धरणे, फैलावर घेणे. पण यांतल्या प्रत्येकात ज्याला विचारले जाते त्याला निदान विषय ठाऊक असतो. फैलावर घेतलेल्या कारकुनाला कोणती फाइल हरवली हे माहीत असते. ‘इन्क्विझिशन’च्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द मला ‘ससेमिरा’ वाटतो. ‘चौकशीचा ससेमिरा’ असे आपण सहज लिहितो, आणि या शब्दाच्या पोटातली गोष्ट विसरून गेलो आहोत.

विक्रमादित्याभोवती गुंफलेल्या गोष्टींत एक राजपुत्र वाघाच्या भीतीने झाडावर चढतो. तिथे त्याला अस्वल आसरा देते. अस्वल झोपलेले असताना राजपुत्र त्याला खाली ढकलतो. अस्वल सावरते, पण शाप देते, आणि राजपुत्र वेडा होऊन ‘ससेमिरा, ससेमिरा’ एवढेच बडबडत राहतो. पुढे पडद्याआडून एक ज्ञानी माणूस चार श्लोक म्हणतो. त्यांची पहिली अक्षरे ‘स’, ‘से’, ‘मि’, ‘रा’. पहिल्याच श्लोकात विश्वासाने मांडीवर झोपलेल्याला मारण्यात कसला पराक्रम, असा सवाल आहे. एकेका श्लोकागणिक राजपुत्राच्या तोंडचे एकेक अक्षर गळते, आणि चौथ्याला तो शुद्धीवर येतो.

येथे अपराध खरा आहे, आणि अपराध्याला तो सांगता येत नाही. तो दुसरा कोणी मोठ्याने, नेमका, पुराव्यासारखा सांगतो, आणि त्या सांगण्याने माणूस मोकळा होतो. ‘मोठ्या घरा’त हेच उलटे झाले होते. पडद्याआड बसलेल्यांना सर्व ठाऊक होते, पण ते बोलत नसत. बडबडायचे होते कैद्याने, आणि कोणत्या अक्षराला सुटका आहे हे त्याला कळणार नव्हते. म्हणून मी ‘इन्क्विझिशन’चे भाषांतर करताना दोन बाजू अलग ठेवतो. संस्थेविषयी लिहायचे असेल तर ‘धर्मन्यायालय’ पुरते, जरी त्यातला ‘न्याय’ बोचतो. लाक्षणिक अर्थाने लिहायचे असेल तर नुसत्या कडक प्रश्नांना मी तो शब्द वापरत नाही. उशिरा आलेल्या मुलाच्या आईला तर मुळीच नाही, कारण ती ‘कुठे होतास’ हे स्पष्ट विचारते आणि उत्तर मिळाले की जेवायला वाढते. आरोप न सांगता कबुली मागितली जाते, आरोप करणारा दिसत नाही आणि कोणत्याही उत्तराने प्रश्न संपत नाही, तिथेच तो शब्द खरा लागू पडतो, मग तिथे धर्म असो वा नसो.

१८०८ ची भेट

गोव्याचे न्यायालय १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे मिटले. ते मिटण्याच्या चार वर्षे आधी, जानेवारी १८०८ मध्ये, क्लॉडिअस ब्युकॅनन नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक जुन्या गोव्यात आला आणि एका विद्यमान न्यायाधीशाचाच पाहुणा म्हणून राहिला. त्याच्याजवळ देलोंचे पुस्तक होते. ते त्याने यजमानापुढे ठेवले आणि यात लिहिले आहे ते खरे का, असे विचारले. न्यायाधीशाने ते कुतूहलाने वाचले. कोठड्या, झगे, मिरवणूक यांचे वर्णन बरोबर असल्याचे त्याने मान्य केले. काही मजकुरावर मात्र आक्षेप घेतला.

मग ब्युकॅननने पुढचे प्रश्न विचारले : आज आत किती कैदी आहेत, आणि त्या कोठड्या मला पाहता येतील का? प्रश्न विचारण्यासाठीच अडीचशे वर्षे चाललेल्या त्या घरात या प्रश्नांना उत्तर मिळाले नाही. त्याला दालने दाखवण्यात आली, कोठड्या नाही. परतताना मोठ्या दालनात भिंतीलगतच्या बाकावर एक गरीब बाई एकटी बसलेली त्याला दिसली. तो जवळून जाताना तिने हात जोडले. ही इथे का बसली आहे, असे त्याने बरोबरच्या सेवकांना विचारले. आत बोलावण्याची वाट पाहते आहे, एवढेच ते म्हणाले.